सातवा शेल्पेक

१

कराशागिलमध्ये शुक्रवारी सकाळी नाक उघडं ठेवून फिरलं, की कोणत्या घराला आपल्या मेलेल्यांची आठवण आहे ते कळतं. कढईतल्या तेलाचा वास खिडक्यांतून रस्त्यावर येतो. घरोघरी सात शेल्पेक तळतात. शेल्पेक म्हणजे ताटलीएवढी पातळ पोळी. तिचा वास वर गेला की गेलेल्यांचं पोट भरतं. मग घरातलं किंवा शेजारचं वडीलधारं माणूस त्यांची नावं घेऊन दुआ म्हणतं आणि सातही शेल्पेक शेजारीपाजारी वाटले जातात. वास मात्र त्याच घरच्या चुलीवरून निघाला पाहिजे. बाहेरून तळून आणलेले चालत नाहीत, कारण मेलेलं माणूस आपल्या घरचा वास ओळखून येतं.

ही अट गावातल्या बड्या घरांना भारी पडायची. ही घरं टेकडीवर, जुन्या दीपगृहाच्या रांगेत होती. घरात पाहुण्याला बसवायची मानाची जागा म्हणजे तोर, म्हणून त्या टेकडीलाही लोक चेष्टेने तोरच म्हणत. खाली, बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यामागे, उरलेलं गाव होतं. टेकडीवरच्या बायकांची नखं लांब आणि कणकेशी भांडण. त्यामुळे गेली अकरा वर्षं ओरिनशा शुक्रवारी टेकडी चढायची आणि तीन घरांत, त्यांच्या चुलीवर, त्यांच्या पिठाचे, त्यांच्या मेलेल्यांसाठी शेल्पेक तळायची.

ओरिनशा त्रेसष्ट वर्षांची होती. पुढचे दात तिशीतच गेले होते, त्यामुळे हसताना तोंडावर हात जायचा. हात मात्र असा, की गोळा न तोलता सारखा निघे. अकरा वर्षांत तिचं मोजमाप कधी चुकलं नव्हतं.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र तीन वर्षं कढई चढली नव्हती. नवऱ्याच्या नावाने दीर आपल्या घरी तळायचा, म्हणून तिकडची काळजी नव्हती. प्रश्न मुलाचा होता. सागिंदिक तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात टेकडीवरच्याच बायमुरातच्या होडीवर समुद्रात गेला, तो आला नाही. होडी सापडली, बरोबरच्या दोघांची प्रेतं सापडली, हा सापडला नाही. सापडला नाही म्हणजे मेला नाही, असं ओरिनशा म्हणायची. जित्या माणसाच्या नावाने शेल्पेक तळणं म्हणजे आपल्याच हाताने त्याला मातीत घालणं. आई होऊन ते ती कसं करणार होती?

२

पहिल्यांदा खोट आली ती कारखान्याच्या जुन्या मॅनेजरच्या घरी. ऑक्टोबर सुरू झाला होता. ओरिनशाने सात गोळे केले, सात लाटले, सात तळले. ताटात रचून वर रुमाल टाकला आणि हात धुवायला गेली. मॅनेजर दुआ म्हणायला बसले, रुमाल काढला, तर सहा.

"मोजायला विसरलात की काय, आपा?" मॅनेजर म्हणाले. ते सभ्य माणूस होते.

"वय झालं हो," ती म्हणाली आणि घाईघाईने सातवा तळून आणला.

पुढच्या शुक्रवारी विधवा रायखानच्या घरी तेच झालं. रायखानच्या घरावर निळा घुमट आहे. मशिदीचा घुमट त्यापुढे लहान दिसतो म्हणून गावाने एकेकाळी बरीच बोटं मोडली होती. आत एकटी रायखान आणि तिचं मांजर. ओरिनशाने मांजराला दोष दिला. मांजर खिडकीत झोपलं होतं, ते उठायची तसदीसुद्धा घेईना.

निघताना दाराजवळ, चपला काढतात तिथे, पायपुसण्यावर तिला एक तुकडा दिसला. शेल्पेकचा मधला भाग, गोल, तळहातात मावेल एवढा. कडा चहूबाजूंनी खाल्लेल्या. दातांच्या खुणा बारीक आणि नीटनेटक्या होत्या.

ओरिनशा तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली. सागिंदिक लहान असताना असाच खायचा. आधी सगळ्या कडा कुरतडायच्या, मग मधला मऊ चांदवा आईच्या हातात द्यायचा. "हा तुझा. तुला दात नाहीत ना, कडा मी खातो." पाच वर्षांचा असताना म्हणाला तेव्हा ती हसून बेजार झाली होती. मग तीस वर्षांचा घोडा झाला, लग्न झालं, तरी तसंच.

मांजरं कडाच खात असतील, असं ती मनाशी म्हणाली. तुकडा उचलून तिने झग्याच्या खिशात टाकला. फेकवला नाही.

३

घरी सून चहा करत होती. मर्झिया सत्तावीस वर्षांची. दिवसभर बंदराच्या कार्यालयात झाडलोट करायची. बंदर म्हणायचं एवढंच, कारण समुद्र आता दीपगृहापासून चालत अर्ध्या तासावर गेला होता आणि अजून जातच होता. चहात दूध घालून तिने वाटी सासूपुढे ठेवली आणि समोर बसली. असं समोर बसली की काहीतरी बोलायचं असतं, हे ओरिनशाला ठाऊक होतं.

"एरकेन परत आला होता," मर्झिया म्हणाली. "क्रेनवाला."

"मग? क्रेन विसरला होता का आपल्याकडे?"

"आई, थट्टा नको ना. लग्नासाठी वसंतापर्यंत थांबतो म्हणालाय. त्यापुढे नाही."

"थांबायला मी कोणाला सांगितलं नाही."

"मलाही नाही सांगितलंत, पण मी थांबलेच ना?" मर्झियाचा आवाज चढला नाही, तिचा कधी चढायचा नाही. "मी तुम्हाला टाकून जात नाहीये. तुम्ही फक्त म्हणा. गेला म्हणा. एकदा त्याच्या नावाने तळा, दुआ म्हणवा. मग मी काय ते ठरवेन. तुम्ही म्हटल्याशिवाय मी ना बायको, ना विधवा. बाजारात बायका विचारतात, मी काय सांगू?"

"तोंडातून काढलं की तसंच होतं."

"न काढल्याने तो आला का?"

ओरिनशा कोपऱ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात बायमुरातने पाठवलेला फ्रीज उभा होता, उंच आणि पांढरा. मुलगा हरवल्यावर महिन्याने दोन गड्यांनी आणून ठेवला होता. तिने तो कधी विजेला जोडला नाही. आत सागिंदिकचा स्वेटर होता, राखाडी, एक बाही जरा गडद. लोकर संपली म्हणून तिने दुसऱ्या गुंड्याची विणली होती. तसाच एक दुसरा स्वेटर, हिरवा, तो अंगात घालून गेला होता. त्याचीही एक बाही वेगळी. तिची लोकर नेहमीच कमी पडायची.

रात्री कूस बदलताना तिला एवढंच वाटत राहिलं, की पोरीचं बरोबर आहे. पण बरोबर असलेलं सगळंच करवत नाही.

४

नोव्हेंबर लागला तोवर तिन्ही घरांत बोलणं झालं होतं. प्रत्येक शुक्रवारी प्रत्येक घरी एक कमी. टेकडीवर बातमीला पाय लागत नाहीत, ती फोनवरच जाते.

बायमुरातचं घर सगळ्यांत टोकाला होतं. त्याने गच्चीवर काचेची एक खोली बांधली होती, दीपगृहापेक्षा एक हात उंच. दीपगृह विझलं त्या वर्षीच तिथे दिवे लागले. परगावचे लोक अजून त्याच काचेच्या खोलीचे फोटो काढून नेतात. बायमुरातची बायको झानिल दारातच उभी होती.

"या आपा. आज किती तळणार? सात की सहा?"

"सातच."

"नाही, लागत असेल घरी न्यायला तर तोंडाने मागा. मी काय नाही म्हणेन? पण मेलेल्यांच्या ताटातून उचलायचा म्हणजे हद्दच झाली."

ओरिनशाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. अकरा वर्षांत तिने परक्या घरची चिमूटभर साखर नेली नव्हती. "झानिल, माझ्याजवळ उभी राहा आणि मोज," ती म्हणाली.

"मला काय तेवढाच उद्योग?" झानिलने नाक मुरडलं आणि ती वर गेली. जाता जाता म्हणाली, "दिवाणखान्यातल्या गाद्या झटका जरा. दर शुक्रवारी कोण बसतं त्यांवर देव जाणे."

दिवाणखाना स्वयंपाकघराला लागूनच होता. तोरच्या जागी नव्या रेशमी गाद्या मांडलेल्या होत्या. सकाळी त्या फुगवलेल्या होत्या हे ओरिनशाने दारातून येताना पाहिलं होतं. आता पाच गाद्या मध्यभागी दबलेल्या दिसल्या. त्यांवर कोणी बसलेलं नव्हतं. बायमुरातचे आजे-पणजे बसत असतील, तिच्या मनात आलं, आणि लगेच तिने स्वतःला वेड्यात काढलं. रेशीम आहे, आपोआप बसतं. ती झटकायला मात्र गेली नाही.

५

त्या दिवशी तिने आगपेटीतल्या सात काड्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. एक शेल्पेक ताटात गेला की एक काडी पुन्हा पेटीत. म्हातारीचं डोकं चुकेल, काड्या कशाला चुकतील?

तेल तापलं. पहिला शेल्पेक कढईत फुगला आणि वास खोलीभर झाला. घर मोठं होतं, त्यामुळे शांतताही मोठी होती. वरच्या मजल्यावर झानिलचा टीव्ही चालू होता, तो मध्येच ऐकू येईनासा झाला. उरला फक्त तेलाचा आवाज.

चौथा काढताना तिला कोणीतरी चावताना ऐकू आलं. घाई नाही, अधाशीपणा नाही. उपाशी माणूस चारचौघांत बेताने खातं, तसं. आवाज तिच्या पाठीमागून, दाराकडून येत होता.

तिच्यासमोर ओट्यावर चहाचं पाणी उकळायचा सामोवार होता, पितळी, लख्ख घासलेला. त्याच्या पोटात मागचं दार वाकडंतिकडं दिसत होतं. उंबरठ्याशी, चपलांजवळ कोणीतरी बसलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, टोपी मांडीवर. मान खाली. हिरवा स्वेटर. एक बाही वेगळी.

ओरिनशाचा झारा हवेत तसाच राहिला. वळावं असं तिच्या सगळ्या अंगाला वाटलं. ती वळली नाही. भीती होतीच, पण वळली नाही ती वेगळ्याच कारणाने. त्याला लाज वाटली असती. हा पोरगा लहानपणापासून मानी. परक्या घरी पाणीसुद्धा मागून प्यायचा नाही. शेजारणीने बोलावलं तर पोट भरलंय म्हणायचा आणि घरी येऊन तीन वाट्या रिचवायचा. तो आज बायमुरातच्या घरी, ज्याच्या होडीवरून गेला त्याच्याच घरी, दाराशी बसून, दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या पंगतीतलं उचलून खात होता. गादीवर त्याला कोणी बसवलं नव्हतं. दर शुक्रवारी खाली कारखान्यामागे गावभर वास उठत असेल, घरोघरचे आपापल्या घरी जात असतील, आणि हा उभा. त्याच्या घरचा वास नव्हताच. मग जिथे आईचा हात, तिथे तो आला होता. तीन वर्षं कशावर काढली असतील?

मी त्याला जिवंत ठेवत नव्हते, तिला वाटलं. मी त्याला उपाशी ठेवत होते.

"सावकाश खा," ती कढईकडे बघत म्हणाली. आवाज फाटला. "ठसका लागेल."

चावणं थांबलं. सामोवारच्या पोटातली मान हलली, वर येऊ लागली. ओरिनशाने डोळे घट्ट मिटले. तेवढी मात्र हिंमत तिच्याजवळ नव्हती.

डोळे उघडले तेव्हा कढईतला शेल्पेक करपून काळा झाला होता आणि वर टीव्हीवर कोणीतरी हसत होतं. दार रिकामं होतं. ती जाऊन वाकली. पायपुसण्यावर मधला चांदवा ठेवलेला होता, अजून कोमट. या वेळी तो दाराकडे नव्हता. ओट्याच्या बाजूला, तिच्या हाताशी येईल असा सरकवून ठेवलेला होता.

बायमुरातच्या घरचे सात तिने पुरे केले, झानिलच्या देखत मोजून दिले आणि टेकडी उतरली.

६

मर्झिया दुपारी जेवायला घरी आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच थबकली. तापल्या तेलाचा वास त्यांच्या घरातून येत होता.

आत ओरिनशा जमिनीवर बसून कणीक मळत होती. फ्रीजचं दार उघडं होतं आणि राखाडी स्वेटर घडी करून तोरच्या जागी, गादीवर ठेवला होता. शेजारचा ओस्पान आजा, जो गल्लीतल्या सगळ्यांसाठी दुआ म्हणायचा, तो टोपी सारखी करत भिंतीला टेकून बसला होता. त्याला काही विचारायचं धाडस होत नव्हतं.

मर्झिया आत आली. हात धुतले, लाटणं घेतलं आणि सासूच्या शेजारी बसली. तिचे डोळे वाहत होते आणि पीठ ओलं होत होतं.

"पातळ लाट," ओरिनशा म्हणाली. "त्याला कडा कुरकुरीत लागतात."

सात झाले. ताट स्वेटरसमोर ठेवलं. ओस्पान आजाने हात पसरले, दुआ म्हटली, आणि नाव घ्यायच्या जागी येऊन थांबला. नाव घरच्या माणसाने सांगायचं असतं. ओरिनशाने स्वेटरकडे पाहिलं. मर्झियाने तिचा हात धरला.

"सागिंदिक," ओरिनशा म्हणाली. "माझा मुलगा. गेलेला."

तिघांनी तोंडावरून हात फिरवले. बाहेर वारा होता, खिडकीची काच थोडी वाजली. तेवढंच. रुमाल काढला तेव्हा सात होते, सातही अख्खे. शेल्पेक मर्झियाने सात घरी वाटले. दारादारांत बायकांनी तिला कवटाळलं. नाव आता साऱ्या गल्लीला कळलं होतं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा ओरिनशा म्हणाली, "एरकेनला सांग, वसंताची वाट बघायची गरज नाही." मर्झिया तिच्या मांडीत डोकं घालून कितीतरी वेळ रडली. ओरिनशा थोपटत राहिली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं.

७

पुढच्या शुक्रवारी ती टेकडीवर गेली. मॅनेजरच्या घरी सात. रायखानच्या घरी सात. मांजर खिडकीत झोपलेलं.

बायमुरातच्या घरी झानिल स्वतः मोजायला उभी राहिली. तिने रुमाल काढला, बोट लावून लावून मोजले. "सात! बघा आपा, लक्ष दिलं की होतं की नाही? उगीच माझ्या तोंडून वाईट निघालं हो. मनात ठेवू नका."

"नाही ठेवत," ओरिनशा म्हणाली. "मला मोजू दे जरा."

तिने मोजले. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा झानिलने चमकून तिच्याकडे पाहिलं. सामोवारच्या पोटात दार दिसत होतं, चपला दिसत होत्या. पायपुसणं झटकलेलं, स्वच्छ.

झानिल ताट घेऊन गेल्यावर ओरिनशाने मागे राहिलेल्या कणकेचा आणखी एक गोळा घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने परक्या घरचं पीठ विचारल्याशिवाय वापरलं. आठवा शेल्पेक तळून तिने दाराशी, चपलांजवळ ठेवला आणि दाराकडे पाठ करून कढई घासत बसली. कढई दोनदा घासून झाली. वर टीव्ही एकसारखा चालू होता, क्षणभरही थांबला नाही.

शेवटी ती वळली. शेल्पेक तसाच होता, गार झालेला.

तो रुमालात बांधून ती खाली उतरली. दीपगृहाच्या पायरीवर, जिथून पूर्वी समुद्र दिसायचा आणि आता नुसती मिठाची जमीन दिसते, तिथे बसली. शेल्पेक मांडीवर उलगडला. मधला मऊ भाग तिने तोडून खाल्ला, तो तिचाच होता. कडा तिला चावत नव्हत्या. त्या हातात घेऊन ती बसून राहिली.